स्लॅबवरून पडलेल्या भावाची नुकसानभरपाई: स्टॅम्पपेपरवर सही होऊन गेली आहे, आता काही होईल का?

तुराटी | 11 मे 2024, रात्री 9:40

नमस्कार. मी दारव्हा-दिग्रस पट्ट्यातला शेतकरी. एरवी इथे कापसाचे आणि पावसाचे धागे वाचतो, लिहीत नाही. आज घरचं लिहितो आहे.

माझा लहान भाऊ सेंट्रिंग मिस्त्री, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणारा. वय 35. तालुक्याच्या गावी एका बिल्डरचं गाळ्यांचं काम चालू आहे, खाली दुकानं आणि वर दोन मजले. बिल्डरने लेबर रेटवर, म्हणजे फक्त मजुरीच्या दरावर काम एका ठेकेदाराला दिलेलं, भाऊ त्या ठेकेदाराच्या हाताखाली. 26 फेब्रुवारीला दुपारी दुसऱ्या मजल्याचं सेंट्रिंग बांधताना कडेची बल्ली सरकली आणि तो खाली विटांच्या चट्ट्यावर पाठीवर पडला. बेल्ट नाही, जाळी नाही. हेल्मेट होतं, ते ठेकेदाराच्या गाडीत.

108 ने तालुक्याच्या दवाखान्यात, तिथून यवतमाळ, तिथून नागपूरला मेडिकल. मणक्यात रॉड टाकले. ऑपरेशन महात्मा फुले योजनेतून झालं, त्याचे पैसे लागले नाहीत. पण कंबरेखाली जाणीव आलेली नाही. लघवीची नळी आहे. पट्टा, गादी, औषधं, गाडीभाडं यात बैलजोडी गेली.

चौदाव्या दिवशी ठेकेदार वॉर्डात आला. चाळीस हजार दिले आणि शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलं की "माणुसकीच्या नात्याने मदत मिळाली, यापुढे आमची कोणतीही तक्रार राहणार नाही." भावजयीची सही घेतली. भावाचा अंगठाही घेतला. तेव्हा तो औषधाच्या गुंगीत होता. मी त्या दिवशी गावी होतो, हरभऱ्याची मळणी होती. ते माझ्या मनातून जात नाही.

आता बिल्डर म्हणतो माझा मजूर नव्हता, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणतो मी तर स्वतःच मजूर, जेवढे होते तेवढे दिले. भावाला दोन मुली आहेत, आठ वर्षांची आणि पाच वर्षांची. कुणाला या विषयातलं माहीत असेल तर सांगा. आमचं काही होऊ शकतं का?


गवंडी_नेर | 11 मे 2024, रात्री 10:15

दादा, वाचून लय वाईट वाटलं. मी पंधरा साल झाले गवंडीकाम करून राह्यलो. माह्यासोबतचे तीन जण पडले आतापर्यंत. एकालेही कायद्यानं पैसा भेटला नाही, काऊन का कोणी मांगतलाच नाही. ठेकेदार पाच-पन्नास हजार देते, गावातले चार मोठे माणसं मधात बसते, न् मिटून जाते. आमाले वाटे एवढाच हक्क असन.

तुमच्या भावाचं बांधकाम कामगार मंडळात नाव होतं काय? पेटी-भांडे भेटले होते काय?


तुराटी | 11 मे 2024, रात्री 10:32

हो, 2021 मध्ये नोंदणी झाली होती, भांड्यांचा संच पण मिळाला. नंतर नूतनीकरण केलं नाही. त्यासाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, तो द्यायला हा ठेकेदार टाळत होता.


कडूनिंब | 12 मे 2024, सकाळी 7:05

मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो, कामगारांची प्रकरणं चालवतो. धीर धरा, तुमचं प्रकरण संपलेलं नाही.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्या भागात त्या एकच समजल्या जातात. एक म्हणजे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची मदत. ती योजना आहे, त्यासाठी नोंदणी चालू असावी लागते. अपघाताच्या दिवशी नोंदणी जिवंत असती तर 75 टक्के किंवा जास्त कायमच्या अपंगत्वाला 2 लाख मिळाले असते. कामावर मृत्यू झाला तर वारसाला 5 लाख. दुसरी म्हणजे 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा. ही कुणाची कृपा नाही, मालकावरचं कायदेशीर देणं आहे. त्याला नोंदणी लागत नाही, पेटी लागत नाही, ओळखपत्र लागत नाही. एकापेक्षा जास्त मजल्यांच्या किंवा बारा फूट आणि त्याहून उंच इमारतीच्या बांधकामावर काम करणारा माणूस या कायद्यात येतो. मालकाची चूक सिद्ध करायची गरज नसते. कामामुळे आणि काम करत असताना इजा झाली, एवढं पुरे.

आता तो स्टॅम्प. कलम 17 सांगतं की नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा कोणताही करार तेवढ्यापुरता रद्दबातल आहे. शंभराचा स्टॅम्प असो की हजाराचा, नोटरी असो की सरपंचाची सही. आपसात तडजोड करता येते, पण ती या कायद्याखाली नेमलेल्या आयुक्तांकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. तेव्हा भावजयीला सांगा, सही झाली म्हणून रात्री जागू नका. मिळालेले चाळीस हजार हिशेबात धरले जातील का यावर वाद होईल, तेवढाच.

बिल्डर सुटत नाही. गाळे बांधून विकणं हा त्याचा धंदा आहे आणि त्याच धंद्याचं काम त्याने ठेकेदाराकडून करून घेतलं. कलम 12 प्रमाणे तो मुख्य मालक. भरपाई त्याच्याकडून मागता येते. ती भरून तो ठेकेदाराकडून वसूल करो न करो, तो त्या दोघांचा प्रश्न. अर्जात दोघांनाही सामनेवाले करा. विम्याची पॉलिसी निघाली तर विमा कंपनीलाही.

रकमेबद्दल. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर महिन्याच्या मजुरीच्या 60 टक्के गुणिले वयाचा गुणक. मजुरी 15,000 पर्यंतच धरतात, ही मर्यादा जानेवारी 2020 पासूनची, त्याआधी 8,000 होती. 35 वयाचा गुणक 197.06. मिस्त्रीची मजुरी 700 जरी धरली तरी महिना पंधरा हजारांच्या वर जातो. म्हणजे 9,000 गुणिले 197.06, 17 लाख 73 हजार 540 रुपये. त्यावर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, बिलं जपून ठेवा. महिन्याभरात भरपाई दिली नाही तर 12 टक्के व्याज, आणि कारण नसताना टाळाटाळ केली असेल तर रकमेच्या 50 टक्क्यांपर्यंत दंड.

मुदत अपघातापासून दोन वर्षं. पण दोन वर्षं थांबू नका, साक्षीदार विखुरतात.


तुराटी | 12 मे 2024, दुपारी 1:20

वकील साहेब, हा आकडा मी तीनदा वाचला. घरात मोठ्याने वाचून दाखवला तेव्हा भाऊ म्हणाला, "एवढे कोण देते?" त्याचा विश्वास बसत नाही.

एक अडचण सांगायची राहिली. तालुक्याच्या दवाखान्यातल्या कागदावर "घरी छतावरून पडले" असं लिहिलं आहे. ठेकेदाराचा माणूस सोबत होता, त्याने तसं सांगितलं. पुढच्या दोन्ही दवाखान्यांत तेच उतरलं. डिस्चार्ज कार्डावरही तेच आहे. आमचं घर टिनाचं, त्याला छत नाही.


रात्रपाळी | 12 मे 2024, रात्री 11:50

मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. हे आमच्यासमोर नेहमी घडतं, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पडलेला माणूस येतो तेव्हा तो बोलण्याच्या स्थितीत नसतो. सोबत बायको नसते, भाऊ नसतो, ठेकेदाराचा सुपरवायझर असतो. डॉक्टर विचारतात काय झालं, आणि तो म्हणेल ते केसपेपरवर जातं. "घरी पडले", "गाडीवरून पडले", "जिन्यावरून घसरले". एक ओळ असते ती. ड्युटीवरच्या डॉक्टरला त्या वेळी रक्तदाब पाहायचा असतो, ते खोदून विचारत बसत नाहीत. पुढे तीच ओळ प्रत्येक कागदावर नकलत जाते.

पण तुमच्याकडे करण्यासारखं बरंच आहे. 108 च्या नोंदीत रुग्णाला कुठून उचललं, किती वाजता उचललं हे असतं. ती नोंद लेखी अर्ज करून मागा, वकिलांकरवी कोर्टातूनही मागवता येते. भावाची फाटलेली कापडं ठेवली आहेत का? आमच्याकडे ती पिशवीत बांधून नातेवाइकांना देतात. सिमेंट लागलेली कापडं घरी पडलेल्या माणसाची नसतात. शिवाय त्याला आता नीट बोलता येतं ना? मग पोलीस ठाण्यात त्याचा जबाब नोंदवा, आणि आता तपासणीला न्याल तेव्हा डॉक्टरांना स्वतः सांगा की बांधकामावर पडलो. नवीन कागदावर खरी ओळ येऊ द्या.

आणि एक, कायद्याबाहेरचं. दर दोन तासांनी कूस बदला. रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, खुबे रोज पाहा, लाल डाग दिसला की त्या बाजूवर निजवू नका. मणक्याचे पेशंट मणक्याने जात नाहीत, ते पाठीच्या जखमेने आणि लघवीच्या संसर्गाने जातात. खटला दोन वर्षं चालेल, तोवर त्याला जपायचं आहे.


तुराटी | 13 मे 2024, सकाळी 6:30

ताई, कापडं सापडली. भावजयीने कोठीत पिशवीत ठेवली होती, धुतली नव्हती. टाचेवर लाल डाग होता, आम्ही तो बूट चावल्याचा समजत होतो.


लेबररेट | 13 मे 2024, रात्री 8:10

मी स्वतः छोटा ठेकेदार आहे, बारा-पंधरा माणसं असतात. ठेकेदाराची बाजू घेत नाही, पण आतली गोष्ट सांगतो.

लेबर रेट ठरवताना बिल्डर चौरस फुटामागे दोन-दोन रुपये कापतो. विम्याचं नाव काढलं तर म्हणतो दुसरा माणूस उभा आहे बाहेर. सरकारी टेंडरात निदान कागदावर विमा मागतात, खासगी कामात कुणी विचारत नाही. मी 2022 पासून पॉलिसी काढतो, नाव न टाकता माणसांच्या संख्येवर निघते. बांधकाम मजुरांच्या नुकसानभरपाईची पॉलिसी मागायची, एवढं सांगितलं की एजंटला कळतं. जे ठेकेदार हे वाचत असतील त्यांना कळकळीने सांगतो, एक माणूस पडला तर आपलं घर विकूनही 17 लाख होणार नाहीत. तोही मरतो, आपणही मरतो. आणि पॉलिसी असली तरी उशीर केल्याचा दंड विमा कंपनी भरत नाही, तो आपल्याच अंगावर येतो.

तुराटीभाऊ, हजेरीची वही ठेकेदाराकडे असते, ती तो दाखवणार नाही. पण शनिवारचा चुकारा फोनवर टाकत असेल तर बँकेच्या उताऱ्यावर दर आठवड्याची नोंद असेल. ती काढा. भावाच्या मोबाईलमध्ये साइटचे फोटो असतील, ठेकेदाराचे "उद्या लवकर या" असे निरोप असतील. एकही मिटवू नका.


तुराटी | 13 मे 2024, रात्री 9:02

चुकारा फोनवरच यायचा. सात आठवड्यांच्या नोंदी मिळाल्या.


सालईबन | 14 मे 2024, दुपारी 3:45

माह्या नवऱ्याले जाऊन नऊ साल झाले. पाण्याच्या टाकीवर काम करत होते, परांची मोडली. मी पण त्याच कामावर रेजा होती, घमेले देत होती. माह्या डोळ्यापुढं पडले.

तवा ठेकेदारानं दहाव्याले सव्वा लाख रुपये रोख दिले, सासऱ्याच्या हातात. माह्या हातात नाही. मले कोणी सांगतलं नाही का असा कायदा हाये. आज हा धागा लेकीनं वाचून दाखवला. माह्यासाठी काही होते काय, का साल निंघून गेले?


कडूनिंब | 14 मे 2024, रात्री 9:30

ताई, मनापासून वाईट वाटलं. तुमच्याशी खोटं बोलणार नाही. मुदत दोन वर्षांची, तुम्हाला नऊ झाली. सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकतात, कायदा माहीत नव्हता हे कारण मात्र एकटं सहसा टिकत नाही. पण एक मुद्दा आहे. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई मालकाने आयुक्तांकडे जमा करायची असते, घरच्यांच्या हातात परस्पर दिलेली रक्कम कायद्याच्या दृष्टीने भरपाई दिली असं धरलीच जात नाही. सासऱ्याच्या हातात पैसा जाऊन विधवेला काहीच मिळू नये, हे होऊ नये म्हणूनच ती तरतूद आहे. कागद घेऊन तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातीच्या आणि अपंग व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन 15100. आशा लावत नाही, पण कागद तरी कुणी पाहू दे.


गावकुस | 15 मे 2024, सकाळी 10:20

एक प्रश्न. आमच्या गावात घरकुलाची कामं चालू आहेत. घरमालक मिस्त्रीला उक्तं काम देतो. तिथे मजूर पडला तर घरमालकावर येतं का? तोही गरीबच असतो. आणि दुसरं, आमच्याकडची पोरं पुण्याला साइटवर जातात. तिकडे काही झालं तर केस पुण्याला चालवायची का?


कडूनिंब | 15 मे 2024, दुपारी 2:15

स्वतःला राहायला घर बांधणारा माणूस धंदा म्हणून बांधत नाही, त्यामुळे उक्तं काम दिलं असेल तर कलम 12 त्याला सहसा लागत नाही. तिथे मजुराचा मालक म्हणजे मिस्त्री. आणि त्या मिस्त्रीकडे देण्यासारखं काही नसतं. घरकुलावरच्या मजुराला म्हणूनच मंडळाची चालू नोंदणी हा मोठा आधार. ठेकेदार 90 दिवसांचा दाखला देत नसेल तर ग्रामसेवक देऊ शकतात. ज्यांची नोंदणी संपली आहे त्यांनी ती करून घ्या, भांड्यांसाठी नाही, या दिवसासाठी.

पुण्याची केस पुण्यात चालवायची गरज नाही. अपघात कुठेही होवो, जखमी मजूर किंवा मृताचे वारस जिथे राहतात तिथल्या आयुक्तांकडे अर्ज करता येतो. कुठे कामगार न्यायालयाचे न्यायाधीश आयुक्त असतात, कुठे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर.


तुराटी | 2 ऑगस्ट 2024

आज अर्ज दाखल झाला. पोलिसांनी जबाब घ्यायला तीन खेपा लावल्या पण घेतला. जोडीच्या दोन मिस्त्र्यांपैकी एक साक्षीला तयार आहे. दुसऱ्याचं घर त्याच ठेकेदाराच्या कामावर चालतं, त्याला मी परत विचारलं नाही.

डॉक्टरांच्या दाखल्याबद्दल विचारायचं आहे. जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर 80 टक्के अपंगत्व आलं. मग भरपाई 80 टक्केच मिळेल का?


कडूनिंब | 3 ऑगस्ट 2024

हा प्रश्न सगळ्यांनी नीट समजून घ्यावा, इथेच पुष्कळ मजुरांचे लाखो रुपये जातात.

शरीराचं अपंगत्व आणि कमाईच्या ताकदीचं नुकसान या दोन वेगळ्या टक्केवाऱ्या आहेत. कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत काही इजांचे आकडे ठरवून दिले आहेत. अंगठा गेला तर 30 टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर 50 टक्के, दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर 40 टक्के. तुमच्या भावाची इजा या यादीत नाही. यादीबाहेरच्या इजेत पात्र डॉक्टरने कमाईच्या ताकदीचं किती नुकसान झालं ते सांगायचं असतं. सेंट्रिंगवाल्याचे पाय गेले म्हणजे त्याची सेंट्रिंगची कमाई शंभर टक्के गेली. अपंगत्व प्रमाणपत्रावर ही गोष्ट नसते, म्हणून डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा जुना निकाल आहे, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाटा. ओडिशातला एक सुतार 1968 साली सिनेमागृहाचं सजावटीचं काम करताना पडला, डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचं म्हणणं, हे पूर्ण अपंगत्व नाही. न्यायालयाने म्हटलं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याच्यासाठी हे शंभर टक्के. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणं होते, निकालाच्या दिवसापासून नाही, हेही त्याच निकालात आहे. तुमच्या रकमेवर 12 टक्क्याने एका वर्षाचं व्याजच 2 लाख 12 हजार आठशेच्या वर होतं. म्हणून तारखा लांबवून बिल्डरचा फायदा नाही. हे त्याच्या वकिलालाही माहीत आहे.


गवंडी_नेर | 4 ऑगस्ट 2024

मी काल मजुरायच्या ठिय्यावर हे सगळं सांगतलं. तीसेक जण होते. अर्ध्यायले पहिल्यांदाच मालूम झालं. एक पोरगा म्हणे, दारू पिऊन पडला तर? त्याचं काय जी?


कडूनिंब | 4 ऑगस्ट 2024

दारूच्या अमलामुळेच पडला हे मालकाला सिद्ध करावं लागतं. आणि तसं सिद्ध झालं तरी मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर मालक सुटत नाही. "पिलेला होता" ही अफवा पहिल्याच दिवशी उठवतात, तिला घाबरून घरच्यांनी गप्प बसू नये.


तुराटी | 18 जानेवारी 2026

बऱ्याच दिवसांनी आलो. निकाल मागच्या महिन्यात लागला. शंभर टक्के धरलं. बिल्डर आणि ठेकेदार दोघांनी मिळून 17,73,540 आणि अपघातापासून 12 टक्के व्याज द्यायचं आहे. उपचाराचा खर्च बिलांपुरता मिळाला, बैलजोडी विकून झालेल्या पुष्कळ खर्चाची बिलं आमच्याकडे नव्हती. दंडाचा मुद्दा अजून राहिला आहे. 108 च्या नोंदीने काम केलं. "घरी पडले" यावर उलटतपासणीत बराच वेळ गेला, मग ती नोंद समोर आली, उचलल्याचं ठिकाण साइटचंच.

बिल्डर नागपूर खंडपीठात गेला आहे. भरपाईची रक्कम जमा केल्याशिवाय मालकाला अपीलच करता येत नाही, त्यामुळे ती जमा झाली आहे. आमच्या हातात अजून आलेली नाही. त्यातला काही भाग काढण्यासाठी अर्ज केला आहे. भाऊ चाकाच्या खुर्चीवर बसतो, पाठीला जखम एकदाही झाली नाही. रात्रपाळी ताई, भावजय रात्री दोनचा आणि चारचा गजर लावते, अजूनही.


कडूनिंब | 18 जानेवारी 2026

फार बरं वाटलं. नवीन वाचणाऱ्यांसाठी एवढंच. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1923 चा कायदा तिच्यात गेला. तुराटींचा अपघात आधीचा, म्हणून ते जुन्या कायद्यावर चाललं. नव्या संहितेतही मालकाची जबाबदारी आहेच, 12 टक्के व्याज आणि 50 टक्क्यांपर्यंतचा दंडही आहे. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसत असेल तर, तिच्यात स्पष्टपणे घेतला आहे. ट्रॅक्टर-ट्रॉलीत बसून साइटवर जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.


बोरीची_माय | 23 जानेवारी 2026, रात्री 10:48

दादा, माह्या नवऱ्याचा हात मिक्सरच्या लिफ्टमधी गेला, परवा. यवतमाळले भरती हाये. मनगटापासून कापा लागते म्हणते डॉक्टर. ठेकेदार उद्या सकाळी कागद घेऊन येतो म्हणे, तीस हजार देतो म्हणे. घरात दुसरं कोणी नाही. काय करू?


तुराटी | 23 जानेवारी 2026, रात्री 10:55

ताई, केसपेपरवर काय लिहिलं आहे ते आत्ता सिस्टरकडून वाचून घ्या. "मशीनमध्ये हात गेला" आणि साइटचं ठिकाण असं असलं पाहिजे. पैसे देत असेल तर घ्या, उपचाराला लागतील, पण कोणत्याही कागदावर सही-अंगठा नको. म्हणा, माझा दीर येतो आहे, तो वाचेल.

मी पहाटेच्या पहिल्या गाडीने निघतो. वॉर्ड नंबर कळवा.